पाहिलेल्याची साक्ष

आम्हां वकिलांच्या बाररूममध्ये सोमवारची सकाळ सिनेमावर जाते. कोर्ट बसेपर्यंत चहाचे कप रिकामे झालेले असतात आणि शनिवार-रविवारी कोणी काय पाहिलं, कशाला जावं, कशाच्या वाटेला जाऊ नये, याचे निकालही लागलेले असतात. मध्यंतरी हा विषय जरा वेगळ्या अंगाने निघाला. चित्रपट लागल्यापासून तीन दिवस कोणी त्याची समीक्षा करू नये, असा आदेश मिळावा म्हणून तमिळ निर्मात्यांची एक संघटना डिसेंबर २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयात गेली होती. त्याआधी केरळ उच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमित्रानेही, म्हणजे न्यायालयाला सल्ला देणाऱ्या वकिलानेही, पहिले ४८ तास परीक्षणं थांबवावीत असं सुचवलं होतं. झालं, आमच्यात दोन तट पडले. एक म्हणे, कोट्यवधी रुपये आणि दोन-दोन वर्षांची मेहनत. मध्यंतरात एखादा पोरगा बाहेर येऊन मोबाइलसमोर ‘बंडल आहे’ म्हणतो आणि सगळं मातीत जातं. दुसरा म्हणे, तिकिटाचे पैसे माझ्या खिशातले, मी वाट्टेल ते बोलीन. तासभर आवाज चढत गेले. मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं, की दोन्ही बाजू चुकीच्या जागी भांडत होत्या.

चित्रपटाबद्दल, मालिकेबद्दल आपण दुसऱ्याला जे सांगतो, त्याला एक बाजू नुकसान समजते आणि दुसरी ग्राहकाची तक्रार. माझ्या दृष्टीने ती साक्ष आहे. एका माणसाने एक गोष्ट पाहिली आणि ती न पाहिलेल्या दुसऱ्या माणसाला तो तिच्याविषयी सांगतो आहे. गेली २६ वर्षं नागपूरच्या जिल्हा न्यायालयात मी साक्षीच घेत आणि तपासत आले आहे, म्हणून हा शब्द मी सहज वापरत नाही. साक्षीदाराचं तोंड कोणी बांधत नाही; उलट त्याला समन्स काढून बोलावतात. पण पिंजऱ्यात उभं राहिल्यावर वाट्टेल ते बोलायची मुभाही त्याला नसते. तू स्वतः पाहिलंस का? कुठून पाहिलंस? पक्षकाराशी तुझं नातं काय? एवढं त्याला सांगावंच लागतं आणि उलटतपासणीला तोंडही द्यावं लागतं. सिनेमावरच्या मतांना हीच कसोटी लावली, तर आमच्या बाररूममधलं निम्मं भांडण जागेवर मिटेल.

आपल्या कायद्याने हा विचार फार पूर्वी करून ठेवला आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ४९९ खाली अब्रुनुकसानीला दहा अपवाद दिले होते. त्यातला सहावा म्हणतो, की कर्त्याने आपली कृती लोकांच्या निर्णयासाठी पुढे ठेवली असेल, तर तिच्या गुणदोषांविषयी सद्भावनेने मत मांडणं ही अब्रुनुकसानी होत नाही. पुस्तक छापणारा, रंगमंचावर उभा राहून गाणारा किंवा अभिनय करणारा आपली कृती लोकांपुढे निवाड्यासाठी ठेवतो, असं तिथल्या उदाहरणांत स्पष्ट लिहिलं आहे. त्याच उदाहरणांत पुढे एक बारीक भेद केला आहे आणि ज्युनिअर मुलामुलींना तो समजावून सांगताना मला दरवेळी आनंद होतो. ‘पुस्तक मूर्खपणाचं आहे, म्हणजे लेखक दुबळ्या बुद्धीचा असला पाहिजे’, हे सद्भावनेने म्हटलेलं चालतं, कारण ते मत पुस्तकावरून बनलेलं आहे. ‘हा माणूसच दुबळा, म्हणून त्याचं पुस्तक मूर्खपणाचं निघालं यात नवल नाही’, हे मात्र चालत नाही, कारण इथे पुस्तक वाचायची गरजच उरलेली नाही. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. कलमाचा आकडा ३५६ झाला, तरी हा अपवाद तिथे तसाच आहे. मद्रास उच्च न्यायालयानेही निर्मात्यांना अंतरिम मनाई दिली नाही. तेव्हा बोलायचा अधिकार आहे की नाही, यावर घसा कोरडा करण्यात अर्थ नाही. तो आहे. तो कसा वापरायचा, हा खरा प्रश्न आहे आणि त्यावर आमच्याकडे कोणी बोललंच नाही.

निर्मात्यांची बाजू पोकळ आहे, असं मी अजिबात म्हणणार नाही. ठरवून एखादा चित्रपट पाडायचा, त्यासाठी पैसे मागायचे आणि न दिल्यास शिमगा करायचा, असे प्रकार होतात अशा तक्रारी आहेत; २०२३ मध्ये कोचीला अशा प्रकरणात पोलिसांनी गुन्हाही नोंदवला. दुसरा मुद्दा त्याहून जड आहे. आजच्या चित्रपटाचं आयुष्य शुक्रवार ते रविवार एवढंच असतं. त्यात मराठी चित्रपट आणि गाव नागपूर असेल, तर हाताला काय लागतं? सकाळी पावणेदहाचा एखादा खेळ. माणसं आंघोळ उरकून बाहेर पडेपर्यंत तो संपत आलेला असतो. सोमवारी बुकिंग पाहावं तर तोही गेलेला. अशा वेळी शुक्रवारी दुपारीच कोणी ‘नका जाऊ’ म्हणालं, तर त्या दिग्दर्शकाने दाद कुठे मागायची? ही व्यथा खरी आहे. मी तिच्याशी भांडत नाही.

पण तीन दिवस सगळ्यांनी गप्प बसायचं म्हणजे नेमकं कोणी गप्प बसायचं? जाहिरात गप्प बसणार आहे का? चौकाचौकातले फलक, टीव्हीवरच्या मुलाखती, पैसे देऊन लिहून घेतलेलं कौतुक, हे सगळं त्या तीन दिवसांत चालूच राहील. बंद होईल ते फक्त पाहून आलेल्या माणसाचं बोलणं. म्हणजे एकाच पक्षकाराचे साक्षीदार तपासायचे आणि दुसऱ्या बाजूच्या साक्षीदारांना निकालानंतर बोलवायचं! पढवलेले साक्षीदार आम्हांला रोज भेटतात. त्यांच्यावर इलाज आहे: उलटतपासणीत त्यांचा खोटेपणा उघडा पाडायचा आणि खोटी साक्ष दिल्याबद्दल शिक्षा करायची. एक साक्षीदार पढवलेला निघाला म्हणून कोर्टाने गावच्या गाव मुकं केल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. खंडणी मागणाऱ्यावर खंडणीचा गुन्हा लावा. त्याच्या पापाची शिक्षा नागपुरातल्या, पाचपावलीतल्या त्या बाईला कशाला, जिने घरी येऊन जावेला फोन केला, की पोरांना घेऊन जाऊ नकोस, मारामारी फार आहे?

आणि तोंडी बोलण्याने चित्रपट मरतो, हे गृहीतक तरी कितपत खरं आहे? ‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ ला लागला, तेव्हा सुरुवातीची परीक्षणं थंड होती आणि धंद्यातली माणसं तो पडला असंच धरून चालली होती. त्याला उभं केलं ते पाहून आलेल्यांनी. पुढे मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षं चालला. यावर कोणी म्हणेल, ते दिवस गेले. अगदी बरोबर, आणि माझा मुद्दा तोच आहे. ‘शोले’ला थांबायला थिएटर होतं. नागपुरात व्हरायटी चौक, पंचशील चौक ही नावं आजही आपल्या तोंडी आहेत, कारण त्या थिएटरांत एकेक चित्रपट आठवडेच्या आठवडे टिकायचा आणि अख्खं शहर तिथून एकदा तरी जाऊन यायचं. पहिल्या आठवड्यात गेलेला माणूस दुसऱ्या आठवड्यातल्या चार जणांना पाठवायचा. आता शेकडो पडद्यांवर एकदम चित्रपट लावायचा, तीन दिवसांत पैसा गोळा करायचा आणि लोक एकमेकांशी बोलायच्या आत मोकळं व्हायचं, हा हिशेब कोणी मांडला? प्रेक्षकांनी तर नाही. छोट्या चित्रपटाला खरा फास आहे तो सोमवारी काढून घेतलेल्या खेळाचा. २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सनी मराठी चित्रपटाला प्राइम टाइमचा खेळ द्यावा, असा निर्णय घेतला तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! त्या निर्णयाचं आमच्या शहरात पुढे काय झालं, हे विचारायला निर्मात्यांची संघटना न्यायालयात गेली, तर मी वकीलपत्र फुकट घेईन.

मोठ्या चित्रपटाला लोकांचं बोलणं नसलं तरी चालतं. ज्याच्याकडे फलकांना पैसे नाहीत, त्याला मात्र त्याशिवाय दुसरा आधारच नाही. ३० जून २०२३ ला ‘बाईपण भारी देवा’ आला. आमच्या सोसायटीतल्या बायका तो पाहायला एकदम नाही गेल्या. आधी चौघी गेल्या, मग त्यांनी सांगितलं म्हणून अकरा, मग या अकरा जणींनी आपापल्या बहिणींना आणि नणंदांना ओढत नेलं. राज्यभर बायकांचे घोळकेच्या घोळके थिएटरात जाताना दिसले, ते याच रीतीने. या साखळीची पहिली कडी शुक्रवारीच बसलेली असते. ती रविवारी रात्रीपर्यंत बसवायची नाही म्हटलं, तर सोमवारी कोणासाठी बसवणार?

आता दुसऱ्या बाजूकडे वळते, आणि हे सांगताना मला मनापासून वाईट वाटतं. काही वर्षांपूर्वी एका मराठी चित्रपटाबद्दल बाररूममध्ये मला कोणीतरी विचारलं. मी तो पाहिला नव्हता. कुठूनतरी कानावर आलेलं होतं, तेवढ्यावर मी ठामपणे सांगितलं, ‘रटाळ आहे, वेळ घालवू नका.’ माझ्या शब्दाला तिथे थोडाफार मान आहे. आठ-दहा जणांनी बेत रद्द केला. गुरुवारी तो चित्रपट शहरातून गेला. वर्षभराने एका रात्री घरी ओटीटीवर तो लावला. शेवटची वीस मिनिटं मी उभी राहून पाहिली, बसवलंच नाही. दुसऱ्या दिवशी ज्यांना ज्यांना अडवलं होतं, त्यांना शोधून सांगितलं, पण त्याचा काय उपयोग? तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे, पाहिलेली गोष्ट पाहणाऱ्यानेच सांगितली पाहिजे, हे १८७२ च्या पुरावा कायद्याने सांगितलं आहे आणि नव्या साक्ष्य अधिनियमानेही ते कायम ठेवलं आहे. ऐकीव पुराव्यावर आक्षेप घेत मी आयुष्य काढलं, आणि त्या दिवशी ऐकीव पुराव्यावर मीच एका कलाकृतीविरुद्ध निकाल दिला. ‘पैसे दिले, वाट्टेल ते बोलीन’ म्हणणाऱ्यांना माझं एवढंच विचारणं आहे: बोलणाऱ्यांपैकी कितीजणांनी पैसे दिलेले असतात? कितीजण शेवटपर्यंत बसलेले असतात? ट्रेलर पाहून, नटाचं आडनाव पाहून, त्याचं राजकारण पाहून जे बोललं जातं, ते सहाव्या अपवादातल्या त्या दुसऱ्या वाक्यासारखं आहे. तिथे कृती पाहायची गरजच उरलेली नसते.

ताऱ्यांचा आणि टक्क्यांचा प्रकार तर मला साक्ष म्हणून मुळीच मान्य नाही. समीक्षकांची मतं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावर ९० टक्के दिसले, की आपण नव्वद गुण मिळाले असं समजतो. तो आकडा गुणांचा नसतोच. शंभरातल्या नव्वद समीक्षकांचं मत एकंदरीत अनुकूल होतं, एवढाच त्याचा अर्थ. सगळ्यांना नुसता बरा वाटलेला चित्रपट तिथे शंभर टक्के मिळवू शकतो. काहींना जीव ओवाळून टाकावासा वाटला आणि काहींना सहन झाला नाही, असा चित्रपट साठावर अडकतो. नेटफ्लिक्सने २०१७ मध्ये पाच तारे काढून अंगठा आणला, तेव्हा कंपनीचं एक निरीक्षण होतं: लोक गंभीर माहितीपटाला भरभरून तारे देतात आणि रात्री पाहतात मात्र हलकंफुलकं. म्हणजे तारा देताना माणूस आपण कसं दिसावं ते सांगत होता, आपण काय पाहिलं ते सांगत नव्हता. अशा आकड्याची उलटतपासणी कशी करणार? साडेतीन ताऱ्यांना ‘का?’ विचारलं, तर उत्तर कोण देणार?

शिफारस कशी असते, हे मी कुठे शिकले ते सांगते. माझं आजोळ गडचिरोली जिल्ह्यात, आरमोरीजवळ. दिवाळी झाली, की त्या मुलखात, म्हणजे झाडीपट्टीत, मंडई म्हणजे जत्रा भरते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात आणि गावोगाव झाडीपट्टीची नाटकं लागतात. वडशाला नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत; तिथे जाऊन गावचं मंडळ नाटक ठरवून येतं. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि उजाडेपर्यंत खेळ चालतो. अशाच एका सकाळी मामी अंगणात धान पाखडत बसली होती. डोळे तारवटलेले, अंगावर रात्रीचीच शाल. शेजारची सून कुडाशी येऊन उभी राहिली आणि तिने विचारलं, आज पलीकडच्या गावात तेच नाटक आहे, जाऊ का? मामीने सूप खाली ठेवलं. ‘नाटक बेस हाये,’ ती म्हणाली, ‘पन दुसऱ्या अंकात रडनं लय लांबवलं. तू जाय. तुह्या सासूले नको नेऊ. तिले पोराची याद येईन.’ त्या सासूचा धाकटा मुलगा आदल्या पावसाळ्यात गेला होता. मामीचं शिक्षण चौथीपर्यंत. त्या तीन-चार वाक्यांत गुण होता, दोष होता, दोष नेमका कुठे आहे ते होतं आणि ऐकणाऱ्या माणसाची काळजी होती. सुनेसाठी एक निकाल आणि सासूसाठी दुसरा, दोन्ही खरे. हे किती ताऱ्यांत मावेल?

याच ठिकाणी शिकलेल्यांचा आक्षेप येतो: सामान्य माणसाला यातलं काय कळतं? छायाचित्रण कळत नाही, संकलन कळत नाही, आणि मतं द्यायला पुढे. या आक्षेपात थोडं तथ्य आहे. जाणकार समीक्षकाने दाखवल्याशिवाय मलाही कितीतरी गोष्टी दिसल्या नसत्या, आणि वर्तमानपत्रांतली सिनेमाच्या परीक्षणाची जागा आक्रसत गेली याची मला हळहळ वाटते. पण आपल्याकडे या ‘काय कळतं’चा इतिहास फारसा अभिमानाचा नाही. १८७४ पासून विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी आपल्या ‘निबंधमाला’ या मासिकात मराठी गद्याला धार दिली, ग्रंथांवर टीका कशी करावी हे शिकवलं. ते ऋण मोठंच आहे. त्याच निबंधमालेत जोतीराव फुल्यांच्या पुस्तकांवर लिहिताना मात्र त्यांच्या मराठीची आणि व्याकरणाची टवाळी झाली, आणि पुस्तकं ज्या अन्यायाविषयी बोलत होती तो बाजूला राहिला. इतका तल्लख टीकाकार साक्षीदाराची भाषा तपासत बसला. आज फुले कोणत्या गावात वाचले जात नाहीत?

जाणकारी अनेक परींची असते. २०२२ मध्ये ‘झुंड’ आला. विजय बारसे यांनी नागपुरातल्या झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉलकडे वळवलं, त्या कामावर आधारलेला हा चित्रपट. त्यातली बरीचशी मुलं नागपूरचीच आणि पहिल्यांदाच कॅमेऱ्यापुढे उभी राहिलेली. त्याच्यावर मोठमोठ्या समीक्षकांनी लिहिलं, मी मन लावून वाचलं. पण माझ्या लक्षात राहिलंय ते कोर्टातून घरी सोडणाऱ्या एका ऑटोवाल्या दादाचं बोलणं. तो गड्डीगोदामचा. म्हणाला, ‘ताई, पोरं आमच्यासारखीच बोलतात त्यात. शिव्या बी आमच्याच. लांबवलं जरा, पन खोटं नाही बोलले.’ मुंबईत बसून ‘शिव्या आमच्याच’ ही साक्ष देता आली असती का? तो शब्द खरा की बनावट, हे ओळखणारा तज्ज्ञ त्या बाबतीत तोच होता. त्याच्या लिहिण्यात चुका असतील. त्याच्या पाहण्यात नव्हत्या.

पूर्वी याची एवढी गरज पडत नसे, हेही मान्य करायला हवं. १९८७ मध्ये रविवारी सकाळी ‘रामायण’ लागायचं, तेव्हा कोणी कोणाला शिफारस करत नव्हतं. सगळे तेच पाहत आणि सोमवारी त्यावरच बोलत. आता एका घरात चार माणसं चार पडद्यांवर चार गोष्टी पाहतात. काय पाहावं ते यंत्र सुचवतं: तुम्ही हे पाहिलंत, म्हणून आता हे पाहा. यंत्राला मी काल काय पाहिलं ते ठाऊक असतं. माझ्या वडिलांचं ऑपरेशन झालंय आणि आज घरात इस्पितळाचा एकही प्रसंग नको, हे ठाऊक नसतं. ते माझ्या मैत्रिणीला ठाऊक होतं. तिने त्या आठवड्यात मला एक साधी कौटुंबिक मालिका सुचवली, ‘पाचव्या भागात दवाखाना आहे, तो सोडून दे’ असं बजावून. मी सोडला. बाबा त्या रात्री पहिल्यांदा हसले.

निर्मात्यांचं आणि माझं भांडण नाही. त्यांना तीन दिवस हवे आहेत, तर माझी एक सूचना आहे. ते तीन दिवस प्रदर्शनाच्या आधी घ्या. मंगळवारी किंवा बुधवारी संध्याकाळी सातला, माणसं कामावरून सुटतात त्या वेळेला, नागपूर, अमरावती, चंद्रपूर अशा ठिकाणी एकेक खेळ लावा. नटांना आणू नका, हारतुरे नकोत, सेल्फीचा फलकही नको. शाळेतल्या बाई, ऑटोवाले, मेडिकल इस्पितळाच्या परिचारिका, सीताबर्डीतले दुकानदार यांना तिकीट काढून येऊ द्या, अर्ध्या दरात आले तरी चालेल. चित्रपट चांगला असेल, तर गुरुवारपर्यंत नागपूरभर बोभाटा होतो की नाही ते पाहा. आणि शुक्रवारी त्या माणसांनी पाठवलेले प्रेक्षक येतील, तेव्हा पावणेदहाच्या खेळाशिवाय दुसरा एखादा खेळ त्यांच्यासाठी असू द्या.